सव्वातीनची टकटक

बाबांना एका वेळी एकच मिनिट बोलता यायचं. दोष त्यांचा नव्हता, कॉम्प्युटरवर आवाज रेकॉर्ड करणाऱ्या त्या फुकटच्या प्रोग्रॅमचा होता. लाल बटण दाबलं की हिरवी रेघ थरथरायला लागायची आणि बरोबर साठ सेकंदांनी थांबायची, मग बोलणारा वाक्याच्या मध्यावर का असेना. मला याचा भयंकर राग यायचा. बाबांना यायचा नाही. ते फाईलला पुढचा नंबर द्यायचे, घसा खाकरायचे आणि वाक्य जिथे तुटलं असेल तिथून उचलायचे.

आम्ही विरार पूर्वेला, फुलपाड्यात राहायचो. बाबांचं लहानपण मात्र गेलं पश्चिमेकडच्या वाडीत. भावाभावांत वाटण्या होऊन वाडी विकली गेली त्यालाही वीसेक वर्षं उलटली होती, पण निवृत्त झाल्यावर ती पुन्हा त्यांच्या बोलण्यात यायला लागली. पानवेली, केळी, रहाट, वाडीत पाणी साठवायला खणलेलं बावखल. हे सगळं त्यांनी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर, घरच्या बोलीत रेकॉर्ड करायला घेतलं. ती बोली मला समजते, बोलता येत नाही. मी शाळेत गणित शिकवते, माझी जीभ पुस्तकी मराठीला जुंपलेली. दुपारची झोप, तीनचा चहा आणि सव्वातीनला खुर्ची, असं त्यांचं वेळापत्रक होतं. माइकमध्ये घरघर येतेय हे बहुतेकदा लाल बटण दाबल्यावरच त्यांच्या लक्षात यायचं आणि ते मला सांगायचे, "पंखा बंद कर गो." माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी त्याच खोलीत वह्या तपासत बसलेली असायचे. मे महिन्याच्या उकाड्यात पंखा बंद करताना मी जे पुटपुटले असेन, तेही पहिल्या काही फायलींत नक्की आलं असणार.

पहिली फाईल त्यांनी मला ऐकवली होती. आजीची तांब्याची घागर बावखलात पडली, पणजोबांनी बुडी मारली, पोरं काठावर आकडे मोजत उभी राहिली, आणि शेवटी म्हातारा वर आला तेव्हा त्याच्या हातात... इथे मिनिट संपलं. बाबा हसत माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "छान आहे. वह्या झाल्या की पुढचं ऐकते." शिक्षिकेच्या वह्या कधी होतात का? मी पुढचं ऐकलं नाही.

मग मी स्वतःसाठी नवा कॉम्प्युटर घेतला. आमच्या सगळ्या बिल्डिंगांमध्ये एकाच केबलवाल्याने गच्चीवरून गच्चीवर वायर ओढून इंटरनेट दिलं होतं, त्या वायरीवर आमची दोन्ही मशिनं होती. जुन्या मशिनला मी नाव दिलं 'बाबा'. त्यात जागा कमी, म्हणून माझ्या मशिनवरचा एक फोल्डर त्यांना जोडून दिला. त्यांचं मशीन सुरू झालं की आपोआप माझ्या मशिनचं दार वाजवायचं आणि तो फोल्डर त्यांच्या पडद्यावर उघडा मिळायचा. महिनाभराने बघते तर माझी डिस्क त्यांच्या फायलींनी भरत आलेली. मी कडाडले, "बाबा, तुमच्या वाडीने माझं घर भरलं!" दुसऱ्या दिवशी आपल्या मशिनवरचं बाकी सगळं पुसून त्यांनी एकूण एक फाईल तिथे नेली होती. माझ्या फोल्डरात एकही ठेवली नव्हती.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाबा गेले. झोपेत गेले, दुपारच्या.

महिन्याभरात मी ते जुनं मशीन स्टेशनजवळच्या दुकानदाराला एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलं. ती रिकामी खुर्ची आणि तो डबा मला बघवेना. देण्याआधी बाबांच्या सगळ्या फायली काढून घेऊन शाळेतल्या मशिनवर सीडीत उतरवल्या होत्या, निदान मला तसं वाटलं होतं. वर्षश्राद्धाला अजून बराच अवकाश असताना आई एकदा म्हणाली, "त्यांचा आवाज लाव ना जरा." मी ऐटीत सीडी घातली, पहिल्या नंबरवर क्लिक केलं. पडद्यावर एक चिमुकला टॉर्च आला आणि इकडून तिकडे उजेड टाकत फिरू लागला. काहीतरी शोधत होता. बराच वेळ फिरला आणि विझला. मी दुसऱ्या नंबरवर क्लिक केलं. पुन्हा टॉर्च.

मला कळायला दोन मिनिटं लागली. मी फायली उतरवल्याच नव्हत्या. पडद्यावर त्यांनी मांडून ठेवलेले शॉर्टकट तेवढे उचलले होते. म्हणजे नुसत्या पाट्या. आत बाबा कुठेच नव्हते.

"सीडी खराब झालीये," मी आईला म्हटलं, "दुरुस्तीला देते." दुकानदाराकडे धावत गेले. तो म्हणाला, ते मशीन कधीच विकलं, आणि विकण्याआधी आम्ही फॉरमॅट मारतोच, मॅडम. फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. मी घरी आले आणि वह्या काढून बसले. आयुष्यात मी दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईने इतक्या रेघोट्या मारल्यात, पण ही चूक मला कुणासमोर उच्चारता येईना.

पुढच्या पावसाळ्यात कॉम्प्युटरच्या व्हायरसची ती साथ आली. नुसतं इंटरनेट जोडलं की पडद्यावर एक चौकट यायची: मशीन साठ सेकंदांत बंद होत आहे, काम जपून ठेवा. आणि एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न. काहीही करा, आकडे थांबत नसत. शून्य आलं की पडदा काळा. केबलच्या वायरीवरून हा रोग घरोघर शिरत होता. केबलवाला म्हणाला, "टीचर, फायरवॉल टाका. माझ्या लाईनचा काय फॉल्ट नाय."

फायरवॉल एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीत होती. सूचना वाचत मी ती बसवली आणि पहिल्या दिवशी तिने माझी पार दमछाक केली. फायरवॉल म्हणजे दारावरचा वॉचमन, पण हा वॉचमन घरच्यांनाही विचारत होता. अमुक प्रोग्रॅमला बाहेर जायचंय, जाऊ देऊ? तमुकला आत यायचंय, येऊ देऊ? नावं अशी अगम्य की घरातला कोण नि चोर कोण कळेना. माझा स्वभाव असा की शंका आली की आधी नाही म्हणायचं. मी सगळ्यांना नाही म्हटलं. संध्याकाळपर्यंत इंटरनेट बंद, ईमेल बंद, प्रिंटरसुद्धा मुका. मग एकेक नाव वहीत लिहून, आज याला सोड, उद्या त्याला सोड, असं करत आठवडाभरात मी घर पुन्हा चालतं केलं. बाहेरून येणारे मात्र सगळे बंद ठेवले. वर्गात शिस्त लागल्याचं समाधान मला मिळालं.

त्यानंतर ते सुरू झालं. दुपारी मी वह्या तपासत होते. मशीन टिंग करून वाजलं. कोपऱ्यात चौकट आली: वायरीवरच्या अमुक आकड्याच्या मशिनला तुमच्या मशिनमध्ये यायचं आहे, दार नंबर एकशे एकोणचाळीस. कॉम्प्युटरला हजारो दारं असतात, मासिकातच वाचलं होतं. मी 'नाही' दाबलं. लगेच पुन्हा टिंग. पुन्हा 'नाही'. तीनदा वाजलं आणि थांबलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंही नसतं, पण स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "सव्वातीन झाले वाटतं."

दुसऱ्या दिवशी सव्वातीन. तिसऱ्या दिवशी तीन सतरा. रविवारी सव्वातीन. कधी पाच मिनिटं पुढे, कधी मागे, पण चुकलं नाही. आकडा तोच, दार तेच, टकटक तीनदा. बाकीचे भुरटे कधीही यायचे, कुठल्याही दारावर धडकायचे आणि पुन्हा दिसायचे नाहीत. हा एकाच दारावर यायचा आणि नाही म्हटलं की निमूट जायचा.

एका शुक्रवारी दुपारभर लोडशेडिंग होतं. आई अस्वस्थ झाली, आतबाहेर करत राहिली. पावणेपाचला दिवे आले. मी मशीन लावलं, आणि पाचला पाच मिनिटं असताना टिंग वाजलं. आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "आज उशीर झाला त्यांना," ती म्हणाली. तोपर्यंत मी ते मनातल्या मनातही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता माझ्या टेबलावर दोन कप आले. एक माझा. दुसरा बाबांचा, कानाचा टवका उडालेला. मी ओरडले, "आई, हे मशीन आहे! कुणीतरी चोर आहे नाहीतर व्हायरस आहे!" ती म्हणाली, "असेल. थंड होईल तो चहा, राहू दे." मग हे रोजचंच झालं. सव्वातीनला टिंग वाजायचं, आईचा चेहरा उजळायचा. गेल्या कित्येक महिन्यांत तिला मी अशी पाहिली नव्हती. ती थोडा वेळ थांबायची आणि साडेतीनला तो गार चहा मोरीत ओतायची.

मी फायरवॉलची नोंदवही उघडली. त्यात प्रत्येक टकटक वेळेसकट लिहिलेली असते. चाळीसहून जास्त दिवस, एकाखाली एक. शाळेत माझं लक्ष लागेनासं झालं. फळ्यावर भागाकार करताना मी घड्याळ बघायचे आणि सव्वातीनच्या आत घरी असूनही आपल्याला उशीर झालाय असं वाटायचं. कधी वाटायचं, घरात त्यांच्या तपकिरीचा वास येतोय.

आई एकदा माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. चौकट पडद्यावर होती. 'हो' आणि 'नाही', दोन बटणं. "बाय," ती म्हणाली, "रोज बाहेरच्या बाहेर का पाठवतेस? आत येऊ दे की त्यांना." मी माऊस 'हो'वर नेला. मला भीती वाटली, खरोखरची भीती, पण ती भुताची नव्हती. आत आलेच बाबा, तर ते मला सीडीबद्दल विचारतील, याची होती. मी 'नाही' दाबलं. शिवाय खालच्या चौकोनात खूण केली: पुन्हा विचारू नका.

त्यानंतर टिंग वाजायचं बंद झालं. पण नोंदवहीत टकटक रोज उमटतच होती, सव्वातीनला, तीनदा. आता ती फक्त मला दिसत होती. आई चहा ठेवायची, वाट बघायची आणि कप उचलून न्यायची. हे मला आणखीच सहन होईना. माझं डोकं फिरलं की मी कुणावर तरी तुटून पडते. मी केबलवाल्याला फोन लावला. तुमच्या लाईनवरून कुणीतरी रोज माझ्या घरात घुसायला बघतंय, हा घ्या त्याचा आकडा, दोन दिवसांत बंद झालं नाही तर सोसायटीत मीटिंग लावते, असं बरंच सुनावलं.

तिसऱ्या दिवशी तो स्वतः आला. छाती पुढे काढून सोफ्यावर बसला. "काम झालं, टीचर. मागच्याच बिल्डिंगमधला होता, तिसऱ्या माळ्यावर. जुना डबा, सेकंडहँड घेतलेला, आतमध्ये सगळा कचरा. दुकानवाल्याने काय साफ करून दिलाच नव्हता. मी फॉरमॅट मारला, नवीन सगळं टाकून दिलं. आता हूं नाय की चूं नाय." मग हसला. "मशिनचं नाव काय होतं माहितीये? बाबा!"

मी त्याला पाणी विचारलं की नाही, मला आठवत नाही. दुकानदाराने फॉरमॅट मारलाच नव्हता. बाबांचं मशीन, त्यांच्या सगळ्या फायलींसकट, मागच्या बिल्डिंगमध्ये होतं. मी जोडून दिलेला फोल्डर ते अजून शोधत होतं, सुरू झालं की माझं दार वाजवत होतं. एकदा 'हो' म्हटलं असतं तर पडद्यावर नाव दिसलं असतं. मी नाही म्हटलं, आणि वर माणूस धाडून बाबांना पुसून टाकलं.

तशीच चपला घालून मी मागच्या बिल्डिंगमध्ये गेले. तिसऱ्या माळ्यावर माझ्याच वयाच्या एका बाईने दार उघडलं. "तुम्हीच ना कंप्लेंट केलेली?" ती म्हणाली. तिला रागवायचा हक्क होता. मी दारातच रडायला लागल्यावर तिने मला आत घेतलं. फायली गेल्याच होत्या. पुढे मी ती डिस्क दोन ठिकाणी दाखवली, वर सगळं नवं भरल्याने काही हाती लागलं नाही. पण त्या दिवशी तिने मला जे सांगितलं, ते असं.

तिची सासू इथल्याच समुद्रकाठच्या कळंब गावची, कोळी घरातली. पाय अधू झाल्यावर मुलाने फ्लॅटवर आणलेली. इथे तिचं बोलणं कुणाशी जुळेना, नातवंडं तर तिच्या बोलण्याला हसायची. मशीन घेतल्यावर सुनेला त्यात त्या फायली दिसल्या. सहज लावल्या, तर म्हातारी पलंगावर उठून बसली. बाबांची बोली आणि तिची बोली एक नव्हती, पण एकाच किनाऱ्यावरच्या होत्या. तेव्हापासून रोज दुपारी, रविवारीसुद्धा, मुलं क्लासला गेली की सव्वातीनला सून मशीन लावायची. "आधी पडद्यावर एक डबी यायची, कसलासा रस्ता सापडत नाही म्हणायची," ती म्हणाली. "ती बंद करायची आणि बाबा लावून द्यायचे. आता रोज विचारतात, बाबा कुठं गेला. काय सांगू मी?"

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. सीडीपासून. ती रिकामी होती, दुरुस्तीला कधी दिलीच नव्हती, हेही. आई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक होतं," ती म्हणाली. "खोटं बोलतेस तेव्हा तू फार मोठ्याने बोलतेस." मग म्हणाली, "त्या बाईकडे ने मला."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता आम्ही गेलो. आजी खिडकीशेजारच्या पलंगावर उशांना टेकून बसली होती, लहानशी, कपाळभर सुरकुत्या. सुनेने तिच्या कानाशी वाकून सांगितलं, ह्या त्या बाबाच्या घरच्या. आजीने आईला बराच वेळ न्याहाळलं. मग कुणी काही न विचारता तिने घसा खाकरला. दोनदा लहान, एकदा मोठा. तो घसा बाबांचा होता.

"आमच्या बावखलाचं पानी कोनी मोजलं नाय," ती म्हणाली. बाबांच्या चालीत, बाबा थांबायचे तिथे थांबत. घागर पडली. म्हातारा म्हनाला, मी जातो. पोरांनी शंभर मोजले, म्हातारा वर येईना. त्याची बायको काठावरून हाका मारी. मग पानी हललं, आनि वर आला तवा त्याच्या हातात...

आजी गप्प झाली. नेमकी तिथेच. विसरली नव्हती. डोळे मिटून बसली होती, दोन फायलींच्या मधे सुनेला क्लिक करायला जेवढा वेळ लागत असेल तेवढा वेळ. खोलीत फक्त छताच्या पंख्याची घरघर होती. आईने माझा हात धरला होता आणि तो तिने इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

"पुढची," आई म्हणाली.

आजीने डोळे उघडले नाहीत. पुढची फाईल जशी सुरू होत असे तशीच तिने ती सुरू केली, पहिल्या शब्दापासून.

"पंखा बंद कर गो."

मी उठले आणि पंखा बंद केला.